सभागृहात बहुमत सरकारचं, यांच्या हातात फक्त आकडे : गोपाळ कृष्ण गोखलेंनी इंग्रजांना मिठाचा हिशोब विचारला त्याची गोष्ट

सोलापूर जिल्ह्यातलं वेळापूर वारकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचं. माळशिरस सोडलं की माऊलींची पालखी इथं मुक्कामाला येते आणि पंढरपूर जवळ आल्याची चाहूल लागते. आज या भागात ऊस डोलताना दिसतो. पण १९०२ साली इथलं चित्र फार वेगळं होतं.

१८९६-९७ चा दुष्काळ होऊन गेला होता. त्यातून माणूस सावरतोय तोवर १८९९-१९०० चा आला. सोलापूर जिल्ह्याने दोन्ही सोसले. जनावरं गेली, बी-बियाणं गेलं आणि सारा भरता न आल्यामुळे कित्येकांच्या जमिनी सरकारजमा झाल्या.

अशा दिवसांत वेळापूरसारख्या गावातला मजूर बाजारात मीठ घ्यायला जायचा, तेव्हा सरकारला कर देऊनच परत यायचा. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. सरकारी मण ४० शेरांचा आणि अडीच रुपये म्हणजे ४० आणे. म्हणजे दर शेर मिठामागे एक आणा सरकारच्या खिशात. भाकरीसोबत खायला दुसरं काही नसलं तरी मीठ लागतंच. त्यामुळे हा कर कुणालाच चुकवता येत नव्हता.

तिकडे कलकत्त्यात मात्र सरकार खुशीत होतं. वर्षाचा हिशोब लागला होता आणि तिजोरीत सात कोटींच्या आसपास शिल्लक पडली होती. अर्थखात्याचं अभिनंदन सुरू होतं.

२६ मार्च १९०२ रोजी त्या सभागृहात पस्तिशीतला एक पुणेकर प्राध्यापक उभा राहिला. आपल्याला या अभिनंदनात सामील होता येत नाही, असं त्याने व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या समोर सांगितलं. लोक उपाशी असताना तिजोरी भरते कशी, हा त्याचा सवाल होता.

त्या प्राध्यापकाचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.

तेव्हा प्रश्न विचारता तरी येत होते का?

आज विधानसभेतला प्रश्नोत्तराचा तास आपण मोबाईलवर बघतो. विरोधी पक्षनेता उभा राहतो, मंत्र्याला धारेवर धरतो, उत्तर पटलं नाही तर उपप्रश्न विचारतो. आयर्लंडच्या संसदेतही विरोधी पक्षांचे नेते पंतप्रधानांना थेट जाब विचारतात. गोखलेंच्या काळात आयर्लंडला स्वतःची संसद नव्हती, पण तिथले खासदार लंडनच्या संसदेत बसायचे आणि प्रश्नांचा मारा करून ब्रिटिश सरकारला जेरीस आणायचे. त्यांच्यातलेच एक, आल्फ्रेड वेब, १८९४ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले होते.

भारतातली परिस्थिती याच्या अगदी उलट. १८६१ च्या कायद्याने कायदे मंडळं आली, पण तिथल्या सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. तो मिळाला १८९२ च्या कायद्याने, आणि तोही हातचं राखून. प्रश्नाची आगाऊ नोटीस द्यायची. अध्यक्षांना वाटलं तर ते प्रश्न नाकारणार. उत्तर मिळालं की गप्प बसायचं, उपप्रश्न नाही. बजेटवर बोलता येणार, पण मत देता येणार नाही.

वर सभागृहात बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. म्हणजे कितीही चांगलं बोललं तरी सरकार पडणार नाही, हे आधीच ठरलेलं. विरोधी पक्षनेता हे पद तर नव्हतंच. तरीही पुढची तेरा वर्षं सरकारला सर्वात जास्त तयारी करायला लावली ती गोखलेंनीच.

पंधरातले आठ रुपये

गोखलेंचा जन्म ९ मे १८६६ चा. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातलं कोतळूक. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला होते, त्यामुळे बालपण कागलला गेलं.

गोपाळ १३ वर्षांचा असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते दर महिन्याला कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवायचे आणि उरलेल्या सात रुपयांत घर चालवायचे. एक आणा म्हणजे काय, हे गोखलेंना अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

शाळेच्या पुस्तकात त्यांची एक गोष्ट सांगितली जाते, ती अनेकांनी वाचली असेल. सगळी गणितं बरोबर आली म्हणून गुरुजींनी शाबासकी दिली, तर हा मुलगा रडायला लागला, कारण एक गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं होतं. गोष्ट घडली तशीच घडली असेल किंवा सांगताना थोडी सजली असेल. पण पुढे या माणसाच्या आयुष्यात असाच एक प्रसंग खरोखर आला आणि तो फार महागात पडला. त्याकडे येऊच.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात गणितापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक विषय त्यांनी शिकवले. त्यांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळांमध्ये खूप चाललं.

याच काळात त्यांना गुरू भेटले, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. रानडेंची शिस्त कडक होती. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, मग अर्ज लिहायचा. अर्ज सरकारने केराच्या टोपलीत टाकला तरी चालेल, पण त्यातला एकही आकडा खोटा निघता कामा नये. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम करताना गोखले या शिस्तीत तयार झाले.

१८९७ : पुराव्याशिवाय बोलले आणि माफी मागावी लागली

१८९७ मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगासमोर साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. वय तिशीचं. साक्ष उत्तम झाली. सरकारी खर्चाचे आकडे त्यांनी असे मांडले की भारतातली वर्तमानपत्रं कौतुक करू लागली.

नेमका त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या हाताखाली गोरे सोल्जर घरात घुसून तपासणी करत होते. पुण्यातून गोखलेंना पत्रं यायची. त्यांतल्या काहींमध्ये सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं लिहिलं होतं. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि इंग्लंडमध्ये पुण्याचा विषय तापला. गोखलेंनी ही माहिती तिथल्या वर्तमानपत्राला दिली आणि खासदारांसमोरही मांडली. प्रकरण ब्रिटिश संसदेत पोहोचलं. मुंबई सरकारने सरळ इन्कार केला आणि पुरावा मागितला.

गोखले मुंबईला परतले. ज्यांनी पत्रं लिहिली होती त्यांची नावं उघड केली, तर सरकार त्यांच्यामागे लागणार. ती मंडळी नाव द्यायला तयार नव्हती. नावं सांगावीत तर मित्रांचा घात होतो आणि न सांगावीत तर आरोप हवेत राहतो.

गोखलेंनी नावं दिली नाहीत. त्याऐवजी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली.

यावर गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली, आणि आपल्या लोकांनी भेकड ठरवलं ते वेगळंच. पुण्याच्या लोकांनी प्लेगच्या तपासणीत जे सोसलं होतं ते काही खोटं नव्हतं. पण त्या एका आरोपाचा पुरावा उभा राहू शकला नाही आणि संपूर्ण तक्रारच सरकारला झटकून टाकता आली.

गोखले खचले, पण थांबले नाहीत. पुढे पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून मदतीच्या कामाला उतरले. आणि एक गोष्ट कायमची शिकले. यापुढे ते जे काही विचारणार होते, त्याचा आधार शक्यतो सरकारच्याच कागदांत असणार होता. सरकारला स्वतःचा आकडा नाकारता येत नाही.

जमिनीचा कायदा आणि सभात्याग

१८९९ मध्ये गोखले मुंबई कायदे मंडळात निवडून गेले. दुष्काळ डोक्यावर होता. १९०१ मध्ये सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत कसायला मिळेल, पण ती विकायचा किंवा गहाण टाकायचा हक्क त्याला राहणार नाही, असा तिचा गाभा होता.

सावकारापासून शेतकऱ्याला वाचवण्यासाठी हे करतोय, असं सरकारचं म्हणणं. विरोधकांचं म्हणणं असं की, जमीन तारण ठेवता आली नाही तर दुष्काळात बी-बियाण्याला कर्ज देणार कोण? शेतकरी सरकारचं कूळ बनून जाईल. दुरुस्ती लांबणीवर टाका, लोकांचं मत घ्या, ही मागणी फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा मेहतांच्या नेतृत्वाखाली काही सदस्य सभागृहातून बाहेर पडले. त्यात गोखलेही होते. कायदा अर्थातच मंजूर झाला.

त्याच सुमारास प्रकृतीमुळे मेहतांनी व्हाइसरॉयच्या कायदे मंडळातली जागा सोडली आणि तिथं मुंबई इलाख्यातून गोखले निवडून गेले. १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून ते निवृत्त झाले. पेन्शन होतं महिना ३० रुपये.

मिठाचा हिशोब नेमका काय होता?

आता पुन्हा त्या २६ मार्चकडे येऊ. सात कोटी शिल्लक पडली, यात वाईट काय? गोखलेंनी हे गणिताच्या मास्तरासारखं सोडवून दाखवलं.

भारत सरकारला दरवर्षी मोठी रक्कम इंग्लंडला पाठवावी लागे. अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जाचं व्याज, लष्कराचा खर्च. याला होम चार्जेस म्हणत. ही रक्कम पौंडात द्यायची, पण कर गोळा व्हायचा रुपयात. चांदी स्वस्त झाल्यामुळे १८९० च्या दशकाच्या मध्यावर रुपया १३ पेन्सपर्यंत घसरला. एका पौंडाचे २४० पेन्स. म्हणजे एक पौंड पाठवायला साडेअठरा रुपये लागू लागले. हा खड्डा भरायला सरकारने कर वाढवले. मिठावरचा कर १८८८ मध्ये दोन रुपयांवरून अडीच झाला, तोही याच अडचणीचं कारण देऊन.

दरम्यान सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या आणि रुपया चढवत १६ पेन्सवर नेला. आता एका पौंडाला १५ रुपये पुरत होते. प्रत्येक पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. खड्डा बुजला. पण खड्ड्यासाठी वाढवलेले कर तसेच राहिले.

म्हणजे शिल्लक देश सुखी झाला म्हणून पडलेली नव्हती. गरजेपेक्षा जास्त कर घेतला जात होता म्हणून पडली होती. लोकसंख्येच्या मानाने मिठाचा खप वाढत नाही, उलट घटतो आहे, हेही गोखलेंनी आकड्यांनिशी दाखवलं. लोक मीठसुद्धा हात राखून खात होते.

त्यांच्या मागण्या नेमक्या होत्या. मिठावरचा कर कमी करा. प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला ५०० वरून १००० रुपये करा. देशी गिरण्यांच्या कापडावरचा साडेतीन टक्के कर काढा. सोलापूरसारख्या गिरणीच्या गावाला हा शेवटचा कर चांगलाच ठाऊक होता.

त्या दिवशी काहीच बदललं नाही. बजेटवर मतदानच नव्हतं. पण पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा १००० रुपये झाली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया. शेरामागे एक आणा होता, तो पाच पैच्याही आत आला. कापडावरचा कर मात्र गोखलेंच्या हयातीत गेला नाही.

हे सगळं एकट्या गोखलेंमुळे झालं, असं म्हणता येणार नाही. काँग्रेस ही मागणी वर्षानुवर्षं करत होती. पण सरकारच्याच कागदांवरून सरकारलाच चूक ठरवणारा माणूस आता सभागृहात बसला होता आणि तो दर मार्चला पुन्हा उभा राहणार होता, हे अर्थखात्याला कळून चुकलं होतं.

या भाषणांमागे मेहनतही तशीच होती. गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक मुख्याध्यापक सरकारी नोकरीमुळे उघड राजकारण करू शकत नव्हते, पण अर्थशास्त्राचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. गोखले त्यांच्याकडून आकडे तपासून घ्यायचे. श्रेय कुणाचं यापेक्षा बेरीज बरोबर आहे का, ही चिंता जास्त.

उपप्रश्नाचा हक्क आला

१९०५ हे धावपळीचं वर्ष. जूनमध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. डिसेंबरमध्ये बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले, वय ३९. त्यानंतर भारतमंत्री मोर्लेंना भेटायला ते पुन्हा इंग्लंडला गेले. कायदे मंडळं मोठी करा आणि सदस्यांना जास्त अधिकार द्या, हा त्यांचा धोशा होता.

१९०९ च्या सुधारणांनी त्यातलं थोडं पदरात पडलं. प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला आणि सार्वजनिक प्रश्नावर ठराव मांडून मतदान घेता येऊ लागलं. केंद्रात बहुमत मात्र सरकारी अधिकाऱ्यांचंच राहिलं. याच सुधारणांनी मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आणले, ज्यांचे परिणाम देशाने पुढे बराच काळ भोगले.

नवा हक्क गोखलेंनी लगेच वापरला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी ठराव मांडला की दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला करारावर मजूर पाठवणं थांबवा. पाच वर्षांच्या करारावर गेलेल्या मजुरांची तिथं काय अवस्था होते, ते त्यांनी मांडलं. हा ठराव सरकारने मान्य केला आणि १९११ पासून नाताळला मजूर पाठवणं बंद झालं. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथं त्यांच्या दौऱ्याची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या वकिलाचं नाव होतं मोहनदास गांधी.

१३ विरुद्ध ३८

गोखलेंच्या मनात घर करून बसलेला विषय होता प्राथमिक शिक्षण. तो त्यांनी शोधलेला नव्हता. महात्मा फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगासमोर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती आणि बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी ते राज्यभर सुरू करून दाखवलं होतं. जे एका संस्थानाला जमतं ते ब्रिटिश सरकारला का जमत नाही, हा गोखलेंचा सवाल होता.

१९१० मध्ये ठराव मांडला, आश्वासन मिळाल्यावर मागे घेतला. वाट पाहूनही काही होईना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी स्वतःचं विधेयक आणलं.

विधेयक फार सावध होतं. सगळीकडे एकदम सक्ती नाही. जिथं ठराविक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात, तिथल्याच नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने सरकारच्या परवानगीने ६ ते १० वयाच्या मुलांना सक्ती करायची. मुलींसाठी नंतर. महिना दहा रुपयांपेक्षा कमी कमाई असलेल्या पालकांकडून फी घ्यायची नाही. खर्चाचे दोन भाग सरकारने द्यायचे, एक भाग स्थानिक संस्थेने.

एवढं मवाळ विधेयकही चाललं नाही. पैसा नाही, लोक तयार नाहीत, सक्ती केली तर असंतोष होईल, अशी कारणं आली. अधिकारी विरोधात होतेच, काही बिनसरकारी भारतीय सदस्यही विरोधात गेले. मार्च १९१२ मध्ये मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८.

हरणार हे त्यांना आधीच माहीत होतं. तरी मतदान होऊ दिलं, कारण कोण कुठे उभा होता याची नोंद राहते.

टीकाही झाली

गोखलेंवर टीका करणारे कमी नव्हते. लोकमान्य टिळक आणि ते एकेकाळी एकाच शाळेतले सहकारी, पण राजकारणात वाटा फुटल्या. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस दुभंगली, तेव्हा दोघे समोरासमोरच्या गटांत होते. अर्ज-विनंत्यांनी स्वराज्य मिळत नाही, हा जहालांचा आक्षेप होता आणि त्यात तथ्यही होतं. वर्तमानपत्रांचा गळा आवळणारा १९१० चा प्रेस कायदा आला तेव्हा गोखले त्याच्याविरुद्ध ठामपणे उभे राहिले नाहीत, हेही नाकारता येत नाही.

पण सरकारने १९१४ मध्ये सर ही पदवी देऊ केली, तेव्हा त्यांनी ती घेतली नाही.

मधुमेह आणि हृदयविकाराने शरीर पोखरलं होतं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८. गांधीजी महिनाभरापूर्वीच भारतात परतले होते आणि गोखलेंना ते आपले राजकीय गुरू मानत. स्मशानात श्रद्धांजलीचं भाषण केलं ते टिळकांनी. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला, त्यांचं मोठेपण त्यांनी मोकळेपणाने लोकांना सांगितलं.

पुढे काय झालं?

गोखलेंच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आतच राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. शाहू महाराजांचं मूळ घराणं कागलचं, त्याच कागलचं जिथं गोखलेंचं बालपण गेलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदे मंडळात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा मंजूर करून घेतला. संपूर्ण देशाला मात्र थांबावं लागलं. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. गोखलेंच्या विधेयकाला तोवर ९९ वर्षं झाली होती.

आज वेळापूरच्या शाळेत सकाळी घंटा वाजते, तेव्हा तिथल्या मुलांना हजेरी लावायला कुणाची परवानगी लागत नाही. पण ती परवानगी आधी कधीतरी कुणीतरी सभागृहात मागितली होती. हातात सरकारचेच अहवाल होते आणि मतं होती तेरा.